गच्चीवाल्याचा अर्ज

माझा धंदा असा आहे की काम चांगलं झालं तर गिऱ्हाईक मला विसरतं आणि फसलं तर रात्री दोन वाजता फोन करतं. मी गच्च्यांची गळती थांबवतो. ठाण्यात आणि आसपास, गेली २२ वर्षं. जून ते सप्टेंबर ज्यांचे फोन येतात ते एक तर नवे असतात किंवा चिडलेले. 'काल रात्री मुसळधार पडला आणि आमच्या छतातून थेंबही आला नाही, म्हटलं कळवावं' असा फोन मला अजून यायचा आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ज्या अर्जाची गोष्ट येणार आहे त्याची निम्मी अडचण इथेच आहे.

जानेवारीत आमचे सीए म्हणाले, "अहो, किती दिवस सोसायट्यांच्या वॉचमनकडे कार्डं वाटत फिरणार? आमच्या ग्रुपमध्ये या." ग्रुप म्हटल्यावर मला रोज सकाळी येणारं गुलाबाचं फूल आणि सुविचार आठवले आणि मी दचकलो. पण हा ग्रुप वेगळा निघाला. व्यावसायिकांचा. दर मंगळवारी सकाळी सात वाजता हायवेलगतच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं कोट घालून जमतात, उपमा खातात आणि एकमेकांना कामं मिळवून देतात. आत यायचं तर अर्ज करावा लागतो, आणि अर्ज दमदार लागतो. 'दमदार' हा शब्द सीएंचा. रिटर्न भरताना त्यांनी तो माझ्याबद्दल कधी वापरला नव्हता.

आधी पाहुणा म्हणून गेलो. सकाळी सातला मी एरवीही जागाच असतो, पण कुठल्यातरी गच्चीवर पाणी तुंबवून त्याच्याकडे बघत, आणि अंगातल्या शर्टाला सिमेंट लागलेलं असतं. इथे दारातच एका मुलीने छातीवर नावाची चिठ्ठी चिकटवली. आत प्रत्येकाने उभं राहून ४५ सेकंदांत आपला धंदा सांगायचा. टेबलावर हॉटेलच्या काउंटरवर असते तशी घंटी. ४५ सेकंद झाले की ती वाजते, मग वाक्य कुठेही असो. एका विमावाल्यांचं वाक्य 'समजा उद्या तुम्ही गेलात, तर' इथे तुटलं आणि ते तसेच हसतमुखाने खाली बसले. चाळीस माणसं उपम्याचा घास हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिली.

नियम एकच महत्त्वाचा: एका धंद्याचा एकच माणूस. एक सीए, एक फोटोग्राफर, एक दातांचा डॉक्टर, एक केटरर. खुर्ची भरली की भरली. माझ्या धंद्याची खुर्ची रिकामी आहे, असं सीए म्हणाले. ती तितकीशी रिकामी नव्हती, पण ते पुढे.

ही कल्पना तशी जुनी. २३ फेब्रुवारी १९०५ या दिवशी शिकागोत पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने आणखी तिघांना जमवलं. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण-अभियंता आणि एक शिंपी. बैठक आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात फिरायची, म्हणून नाव रोटरी. तिथेही सुरुवातीला एका धंद्यातला एकच सभासद असा दंडक होता. दोन शिंपी एका टेबलाशी बसले की मैत्रीसुद्धा मापातच होते, हे त्यांना तेव्हाच कळलं असणार. पहिली बैठक त्या खाण-अभियंत्याच्या ऑफिसात झाली. त्याने बाकीच्यांना चार पानी फॉर्म भरायला लावला नाही, एवढं मात्र मला राहून राहून वाटतं.

कारण मला तो मिळाला होता. पहिली तीन पानं सोपी: नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक, रक्तगट. (रक्तगट कशाला, हे अजून कळलेलं नाही.) चौथ्या पानावर खरी मेख. 'आपण या समूहात का येऊ इच्छिता?' 'आपण इतर सभासदांना काय देऊ शकाल?' 'आपलं वेगळेपण काय?' आणि खाली दोन जुन्या ग्राहकांची नावं आणि फोन नंबर.

रात्री जेवण झाल्यावर बसलो, पेन उघडलं आणि हाताने आपोआप लिहिलं: 'मा. अध्यक्ष महोदय यांस, विषय: सभासदत्व मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की...'

यात माझा दोष नाही. शाळेत आम्हाला अर्ज शिकवला तो एकच: 'आजारी असल्यामुळे दोन दिवसांची रजा मिळणेबाबत.' निबंधात आम्ही पंतप्रधान झालो, पक्षी झालो, एका पडक्या किल्ल्याने आमच्याकडे मन मोकळं केलं. अर्जात मात्र आम्हाला कायम ताप होता. शिवाय मराठी अर्जातला माणूस स्वतः काही करतच नाही. त्याला काहीतरी 'मिळणेबाबत' असतं, कशाचीतरी कार्यवाही 'होणेस' त्याची विनंती असते, गैरसोय झाल्यास ती 'व्हावी' असं त्याला वाटत नसतं. वाक्याचा कर्ता शोधत शोधत खाली गेलं की तो थेट 'आपला नम्र' या ओळीखाली सापडतो, अंग चोरून उभा.

आमची ही एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाली आहे. आयुष्यभर तिने दुसऱ्यांचे अर्ज वाचले. माझा कागद तिने चष्म्याच्या वरून पाहिला. म्हणाली, "तुम्हाला सभासद व्हायचंय की फी माफ करून हवी आहे?"

"मग कसं लिहू?"

"मला नका विचारू. मी अर्ज शेवटी वाचायची. आधी पासबुक."

दुसऱ्या दिवशी भाचा आला होता. त्याने मोबाइल काढला, मला दोन प्रश्न विचारले, त्यातल्या एकाचं उत्तर मी देईपर्यंत थांबला नाही, आणि अर्ध्या मिनिटात अर्ज हजर. 'ओलाव्याविरुद्धच्या लढ्यात अथक कटिबद्ध असलेला मी एक ध्येयवेडा व्यावसायिक आहे. माझ्यासाठी छत हे केवळ छत नसून तो एक विश्वास आहे. गळतीमुक्त उद्याच्या दिशेने या समूहासोबत प्रवास करण्यास मी उत्सुक आहे.' मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा ऊर भरून आला. दुसऱ्यांदा हा माणूस कोण असावा, असं वाटलं. तिसऱ्यांदा लक्षात आलं की सबंध अर्जात गच्चीच नाही.

"अरे, यात गच्ची कुठे आहे?"

"मामा, गच्ची डिटेलमध्ये येते. हे व्हिजन आहे."

पुढे सीएंनी खाजगीत सांगितलं की त्या महिन्यात कमिटीकडे तीन ध्येयवेडे आले होते. त्यातला एक पेस्ट कंट्रोलवाला, झुरळांविरुद्धच्या लढ्यात अथक कटिबद्ध.

मग मेहुणा. तो इस्टेट एजंट आहे, म्हणजे ज्याच्या जाहिरातीत ठाणे जिल्ह्यातली प्रत्येक इमारत स्टेशनपासून पाच मिनिटांवर असते असा माणूस. त्याने माझा संकोच हाच माझ्या धंद्याचा शत्रू असल्याचं जाहीर केलं आणि स्वतःच्या अक्षरात वर लिहिलं: 'महाराष्ट्रातील अग्रगण्य! १०,०००+ समाधानी ग्राहक!' मी म्हटलं, बावीस वर्षांत गच्च्या केल्या त्या साडेतीनशेच्या आत-बाहेर. तो म्हणाला, "गच्च्या काय मोजता भाऊजी? गच्चीखाली माणसं किती राहतात ते मोजा. अठ्ठावीस फ्लॅट, घरटी चौघं. झाले की! आणि मी पाहुणे धरलेले नाहीत."

मला वाटतं, आपल्याकडे स्वतःबद्दल बोलायच्या पट्ट्या दोनच आहेत: लोटांगण आणि फ्लेक्स. अर्ज लिहिताना आपण लोटांगण घालतो आणि चौकात दहा बाय पंधराच्या फ्लेक्सवर हात जोडून उभे राहतो. या दोहोंच्या मधे, साध्या आवाजात, 'मला अमुक एक काम येतं आणि ते मी असं करतो' हे सांगायची पट्टी कोणी शिकवलीच नाही. उत्तम सुतारसुद्धा 'जमतं थोडंफार' म्हणतो, आणि ज्याला खरंच थोडंफार जमतं त्याचा वाढदिवस सगळ्या नाक्यावर असतो.

त्या रात्री सोडवलं मुलीने. ती गणितात एम.एस्सी. करते आणि एरवी आमच्या बोलण्यात पडत नाही, कारण आमच्या बोलण्यात काही सिद्ध होत नाही. ती म्हणाली, "बाबा, रामानुजनचं पत्र माहितेय का?" मग तिने सांगितलं. १६ जानेवारी १९१३ या तारखेचं, हार्डी या केंब्रिजच्या गणितज्ञाला लिहिलेलं. स्वतःबद्दल जेमतेम काही ओळी: मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात कारकून आहे, पगार वर्षाला २० पौंड, विद्यापीठाचं शिक्षण नाही. बस्स. पुढे पानोपानी प्रमेयं. याआधी केंब्रिजच्याच आणखी दोघांना पाठवलेली पत्रं वाया गेली होती. हार्डीने मात्र प्रमेयं वाचली आणि त्याची झोप उडाली.

"आणि गंमत म्हणजे," मुलगी म्हणाली, "वय सुमारे तेवीस लिहिलंय. होतं पंचवीस."

"स्थळाकडची माणसं बघणार असतील," ही आतून म्हणाली.

१९१८ साली तेच रामानुजन रॉयल सोसायटीचे फेलो झाले. तिथे स्वतःचा अर्ज स्वतः करायचाच नसतो. आधीच्या फेलोंनी नाव सुचवायचं आणि सह्या करायच्या. मला ही पद्धत फार आवडली. फक्त तिच्यात कोणाला तरी आपण आठवावं लागतो, आणि मी सुरुवातीलाच सांगितलं, ज्यांना मी आठवलो त्यांना रात्री दोनलाच आठवलो.

"पण मी प्रमेयं कुठून आणू?"

"गच्च्या लिहा ना बाबा."

म्हणून गच्च्या लिहिल्या. हे लिहिताना पेन एकदाही अडलं नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं. लिहिलं की गळती जिथे दिसते तिथे ती क्वचितच असते. पाणी स्लॅबमधे शिरतं, सळईच्या कडेने, वायरीच्या नळीतून चालत चालत भलत्याच घरात पंख्याच्या हुकापाशी उगवतं, आणि त्या घरातली काकू वरच्या मजल्यावरच्या सुनेशी सहा महिने बोलत नाही. लिहिलं की मी जुना ब्रिकबॅट कोबा ठोकून आवाज ऐकतो. पोकळ वाजला तर तेवढाच उखडतो, सगळी गच्ची उखडायला सांगत नाही. पाण्याला पाइपाकडे जायला ढाळ आहे का हे लेव्हल ट्यूबने बघतो. कठड्याच्या कडेच्या वाटा हाताने घोटून घेतो, कारण पाणी आधी कोपराच शोधतं. काम झालं की पाइपाची तोंडं बंद करून गच्चीवर पाणी भरतो, तीन दिवस ठेवतो, रोज खालच्या घरात जाऊन छताला तळवा लावून बघतो, आणि तळवा कोरडा निघाला तरच बिल पाठवतो.

'काय देऊ शकाल?' याला लिहिलं: 'सभासद किंवा त्यांच्या ओळखीचं कोणी जुना फ्लॅट घेत असेल तर मी बरोबर येईन आणि कुठल्या भिंतीवर ताज्या रंगाखाली ओल झाकली आहे ते दाखवीन. याचे पैसे घेणार नाही.'

'वेगळेपण'पाशी थोडा थांबलो. मग लिहिलं: 'दोन कामं माझ्या चुकीने फसली. एका न्हाणीघरात नहाणी ट्रॅपची कड नीट भरली गेली नव्हती, एका गच्चीचा ढाळ उलटा पडला. दोन्ही पदरच्या पैशांनी पुन्हा केली.'

मेहुण्याने हे वाचून कपाळाला हात लावला. दोन्ही परिच्छेद कापा म्हणाला. दुसरा माझ्या धंद्यासाठी आणि पहिला त्याच्या. हिने कागद दिव्याखाली धरून दोनदा वाचला. "हे राहू द्या," म्हणाली. "हे पासबुक आहे."

उरले दोन जुने ग्राहक. संध्याकाळी फोन घेऊन बसलो आणि कळलं की चांगली गच्ची सोसायटीच्या कमिटीपेक्षा जास्त टिकते. ज्यांच्याशी मी भांडून ॲडव्हान्स घेतला होता ते सेक्रेटरी पुण्याला मुलाकडे गेले, खजिनदार वारले, एका इमारतीचं तर रीडेव्हलपमेंट होऊन माझ्या गच्चीसकट तिचा भुगा झाला होता. शेवटी एक जण मिळाले, घोडबंदर रोडचे एक डॉक्टर, ते चांगलं बोलतील अशी खात्री होती. दुसरे तलावपाळीजवळच्या एका सात मजली इमारतीचे चेअरमन. त्यांनी फोन उचलला नाही, पण नंबर खरा होता, म्हणून तोच दिला.

अर्ज गेला आणि अडकला. ग्रुपमध्ये रंगकामाचे एक सभासद होते, चार वर्षांपासूनचे. त्यांच्या जुन्या अर्जात धंदा लिहिला होता, 'रंगकाम व ओलप्रतिबंध'. आता भिंतीच्या ओलीवर हक्क कोणाचा? त्यांचं म्हणणं, त्यांच्याकडे गच्चीवर मारायचा वॉटरप्रूफ रंग आहे, त्यामुळे दुसऱ्या माणसाची गरजच नाही. माझ्या अर्जातलं 'ताज्या रंगाखाली ओल' हे वाक्य त्यांनी वैयक्तिक घेतल्याचं सीए म्हणाले. महिना गेला. कमिटीच्या दोन बैठका झाल्या. उत्तर एकच, अर्ज विचाराधीन आहे.

मी अर्ज मागे घ्यायचं ठरवलं, आणि त्याला मोठा आधारही शोधून काढला. शिकागोत रोटरी निघाली त्याच १९०५ साली, १२ जूनला, पुण्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले. नुकतेच आफ्रिकेतून परतलेल्या गांधीजींनी त्यांच्या पश्चात समाजाच्या सभासदत्वासाठी अर्ज केला. सभासदांत दोन तट पडले; काहींना वाटलं घ्यावं, काहींना वाटलं या माणसाची रीत आपल्याहून फार निराळी आहे. वाद नको म्हणून गांधीजींनी आपणहून अर्ज मागे घेतला. आत्मकथेत त्यांनीच हे लिहिलं आहे. हे सगळं मी हिला जरा खालच्या, गंभीर आवाजात सांगितलं.

ही म्हणाली, "त्यांना पुढे दुसरं काम होतं. तुम्हाला आहे का?"

मग अर्ज राहिला, आणि मार्चच्या शेवटी मुलाखतीचं बोलावणं आलं. अशा मुलाखतींचाही इतिहास आहे. १७२७ साली फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन नावाच्या तरुण छापखानेवाल्याने 'जंटो' नावाचं मंडळ काढलं. नव्या सभासदाने छातीवर हात ठेवून उभं राहायचं आणि चार प्रश्नांची उत्तरं द्यायची. त्यातला एक असा की इथे हजर असलेल्यांपैकी कोणाबद्दल तुमच्या मनात काही विशेष अनादर आहे का? त्या मंडळात एक काचकाम करणारा गणिती होता. तो बोलण्यातल्या प्रत्येक शब्दात नेमकेपणा मागायचा, त्यामुळे कोणाला त्याच्याबरोबर मजा येईना, आणि लवकरच तो सोडून गेला. हे मी मुलीला सांगितलेलं नाही.

मला अनादराचा प्रश्न विचारला नाही, हे बरं झालं, कारण रंगवाले माझ्या बरोबर समोर बसले होते. मला विचारलं की आठवड्याला किती रेफरल द्याल, मंगळवारी सकाळी सातला नक्की याल का, आणि पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता. मी म्हटलं, गच्चीवर. अध्यक्षांनी ते लिहून घेतलं. नंतर त्यांनी फाइल उघडली आणि घसा साफ केला.

"आम्ही तुमच्या दोन ग्राहकांना फोन केले. डॉक्टरसाहेब चांगलं बोलले. पण हे तलावपाळीचे चेअरमन..." ते अवघडले. "ते म्हणाले, कोण हे गृहस्थ, मला काही आठवत नाहीत. गच्चीचं काम झालं असेल म्हणाले, कोणी केलं ते सांगता येत नाही."

हॉलमध्ये एसीचा आवाज तेवढा ऐकू येत होता. सीए आपल्या बुटांकडे बघायला लागले. मीही माझ्या बुटांकडे बघायला लागलो, एका बुटाला सिमेंट होतंच.

"कुठली बिल्डिंग?" रंगवाल्यांनी विचारलं.

मी सांगितली.

"सात मजली? पिवळी? खाली मेडिकलचं दुकान?"

"तीच."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग अध्यक्षांकडे वळून, अगदी दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "तिथे सातव्या मजल्यावरचे चारही फ्लॅट माझ्याकडे होते. दर दिवाळीच्या आधी. पोपडे खरवडायचे, पुट्टी भरायची, दोन हात मारायचे. ठरलेलं काम. सहा वर्षं झाली, चौघांतल्या एकाचंही बोलावणं नाही. मला वाटलं, दुसरा रंगवाला धरला." मग माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही होय ते!"

यात कौतुक नावालाही नव्हतं. पण अध्यक्षांनी पेनचं टोपण काढलं आणि फाइलीत काहीतरी लिहिलं, आणि लिहिताना ते चक्क हसत होते.

वाटणी तिथेच झाली. स्लॅबच्या वरची बाजू माझी, खालची रंगवाल्यांची. बाहेरच्या भिंतींचं बघू. फी भरली, पावती मिळाली. बसायची जागा त्यांच्याच शेजारी आहे. तेव्हापासून ते मला दर आठवड्याला एक काम देतात आणि माझं काम झालं की तिथे आपल्याला पुन्हा कधी जाता येणार नाही म्हणून हळहळतात.

पहिल्या मंगळवारी ४५ सेकंदांसाठी उभा राहिलो. गच्च्या, कोबा, ढाळ, वाटा, सगळं पाठ करून गेलो होतो. समोर चाळीस कोट आणि चाळीस उपम्याच्या बशा पाहिल्या आणि तोंड उघडलं. घंटी वाजली तेव्हा मी 'सविनय'पर्यंत पोहोचलो होतो.